उन्हाचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी एक साधा प्रश्न विचारला होता. जगात सर्वांत जास्त ऊन कोठे पडते? वर्गातून भराभर उत्तरे आली. बहुतेकांचे उत्तर विषुववृत्त हेच होते. कोणी राजस्थान म्हणाले. मागच्या बाकावरून "दादर स्टेशनच्या पुलावर" असाही आवाज आला आणि सारा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला आणि आम्ही सर्व कसे चुकलो ते सांगायला सुरुवात केली.

त्या तासाला जे ऐकले ते मी विसरले नाही. सूर्य क्षितिजाच्या वर राहण्याचे एकूण तास वर्षाकाठी पृथ्वीवर सगळीकडे जवळजवळ सारखेच असतात, सुमारे ४,३८०. ध्रुवाजवळ ते सहा महिन्यांच्या दिवसात एकदम मिळतात, आपल्याकडे रोज बारा-बारा तासांच्या हप्त्याने मिळतात, एवढाच फरक. म्हणजे मुळात वाटणी समान आहे. त्यानंतर वजाबाकी सुरू होते. विषुववृत्तावर तापलेली दमट हवा वर चढते, तिचे ढग होतात आणि ते ढगच ऊन खातात. ही वर गेलेली हवा दोन्ही बाजूंना वीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरताना ती कोरडी होते, तिथे ढग धरत नाहीत आणि वाळवंटे तयार होतात. म्हणून सहारा, म्हणून अरबस्तान. अमेरिकेतल्या अॅरिझोनामधील युमा या गावी वर्षाला चार हजारांहून अधिक तास स्वच्छ ऊन असते. चिली देशातल्या अटाकामा पठारावर हवा इतकी उंच, विरळ आणि कोरडी आहे की जमिनीवर पोचणारी सूर्याची ऊर्जा जगात तिथे सर्वाधिक मोजली गेली आहे. उलट उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या तोर्शाव्हन या गावाला वर्षभरात हजार तासही ऊन मिळत नाही.

आणि मुंबई? मुंबईला वर्षाकाठी अडीच हजारांहून अधिक तास मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला जेमतेम अडीच-तीन तास, पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरपूर. सर म्हणाले, "उन्हाच्या बाबतीत मुंबई गरीब नाही." तास संपला.

मी घरी आले ती हे वाक्य डोक्यात घेऊनच. आमची चाळ लालबागला. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी खोली. दहा बाय बाराची खोली, पुढे पूर्वेकडची गॅलरी. आजी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. तिच्यापुढे सुपात आमसुले होती आणि ती सूप हातात धरून कडेच्या खांबाकडे सरकवीत होती. तिथे कपाळाएवढा उन्हाचा तुकडा पडला होता. मी दारात चपला काढेपर्यंत तोही गेला. आजी म्हणाली, "गेलां बघ."

मुंबई उन्हाच्या बाबतीत गरीब नाही हे सरांचे म्हणणे खरेच आहे. फक्त सरांनी मुंबई म्हणून जिचा आकडा सांगितला ती वेधशाळेच्या मोकळ्या अंगणातली मुंबई. आमच्या गॅलरीतली नव्हे.

ऊन कसे मोजतात हे मी नंतर ग्रंथालयात पाहिले. त्यासाठी काचेचा एक भरीव गोळा असतो. त्यातून सूर्यकिरण एकवटून मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर पडतात आणि पट्टी जळत जाते. ढग आला की जळणे थांबते. संध्याकाळी जळालेल्या रेघेची लांबी मोजली की तेवढे तास ऊन. कॅम्बेल नावाच्या गृहस्थाने १८५३ मध्ये ही युक्ती काढली आणि पुढे स्टोक्स या शास्त्रज्ञाने ती सुधारली. मला ते इतके आवडले की आपणही करावे असे वाटले. काचेचा गोळा कोठून आणणार? मी खडू आणला. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गॅलरीच्या लाद्यांवर ऊन आले तेव्हा एक रेघ मारली आणि गेले तेव्हा दुसरी. घड्याळ पाहिले. दहा वाजून पाच मिनिटे ते दहा एकतीस. सव्वीस मिनिटे.

बाकीच्या दिवशी मी सकाळी सात वाजता कॉलेजला येते, म्हणून हे काम आजीकडे दिले. आजी शाळेत गेलेली नाही. तिला घड्याळातला मोठा काटा आणि लहान काटा कळतो, आकडे लिहिता येत नाहीत. तिने स्वतःची पद्धत काढली. पाच मिनिटांना एक उभी रेघ, दाराच्या मागच्या बाजूला. डिसेंबरभर रोज पाच रेघा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऊन पावणेअकराला येऊ लागले आणि चार रेघांवर आले. एकदा सुट्टीच्या दिवशी मी उठायच्या आधीच ती विचारते, "ऊन इलां काय गो?" तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. तिला अजून जुनी सवय आहे.

ती सवय काय होती ते सांगायला हवे. आजी लग्न होऊन सिंधुदुर्गातून या खोलीत आली तेव्हा समोर गिरणीची बैठी शेड होती आणि तिच्यापलीकडे आकाश. साडेसातला ऊन गॅलरीत यायचे आणि अकरापर्यंत राहायचे. तेवढ्यात पापड, सांडगे, मिरच्या, गोधड्या, लहान पोरांच्या आंघोळी, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळे उरकून व्हायचे. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांना क्षय झाला तेव्हा शिवडीच्या रुग्णालयातून परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितले होते, यांना कोंदट जागेत झोपवू नका, हवेत आणि उन्हात बसवा. मग दोन महिने आजोबांची घडीची खुर्ची गॅलरीत होती. औषधानेच ते बरे झाले असणार, तरी आजी अजून म्हणते की त्यांना उन्हाने उठवले. तिचे अगदीच चूक नाही. क्षयाचे जंतू शोधून काढणाऱ्या रॉबर्ट कॉख यानेच १८९० मध्ये सांगितले होते की थेट उन्हात हे जंतू काही मिनिटांत ते काही तासांत मरतात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो इतिहास येथे प्रत्येकाच्या घरात आहे, मी नव्याने काय सांगणार? पण उन्हाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींचे काय करायचे, याचा नियम १९९१ मध्ये झाला. त्याप्रमाणे साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला जायची होती. २००१ मध्ये त्यात बदल झाला. ही वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न करता फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या तुकड्याची करायची, असा अर्थ झाला. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल ग्राह्य धरला. जी मैदाने होऊ शकली असती ती झाली नाहीत. आम्ही हे नेहमी जमिनीचे नुकसान म्हणून मोजतो. पण मैदान म्हणजे त्याच्या काठच्या चाळींचे ऊनही असते, हे कोणाच्या हिशेबात आले नाही. आमच्या समोरच्या शेडच्या जागी दोन टॉवर उभे राहिले. डिसेंबरातली सव्वीस मिनिटे म्हणजे त्या दोन टॉवरांमधल्या फटीची रुंदी आहे. एप्रिलनंतर सूर्य त्यांच्या डोक्यावरून येतो, पण तोवर तो इतका उंच गेलेला असतो की वरच्या मजल्याच्या गॅलरीमुळे आमच्याकडे कठड्याच्या आत उतरत नाही. पावसाळ्यात ढगच. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. वर्षातले ते दोन दिवस काय ते आम्ही आणि टॉवर सारखे. त्यांपैकी जुलैचा पावसात जातो.

माझे वडील परळला अशाच एका टॉवरमध्ये देखभालीच्या कामावर आहेत. ते सांगतात, तिसाव्या मजल्यावर इतके ऊन येते की तिथले लोक दिवसभर पडदे ओढून ठेवतात. काचांवर काळा कागद लावतात आणि आत एसी. मला यात त्या लोकांना नावे ठेवायची नाहीत. आपणही तिथे असतो तर पडदे ओढलेच असते.

येथे मला कबूल केले पाहिजे की चाळीचे गोडवे गाणे हा या लेखाचा हेतू नाही. आमच्या मासिकांतून दरवर्षी चाळीवर एखादा लेख असतोच, त्यात शेजारधर्म असतो, गणपती असतो आणि शेवटी गहिवर असतो. चाळीच्या आतल्या खोल्यांत कधीच ऊन नव्हते. वरळीला, नायगावला, ना. म. जोशी मार्गावर आणि शिवडीला ज्या बीडीडी चाळी १९२० नंतर सरकारने बांधल्या, त्यांत मधोमध बोळ आणि दोन्हीकडे १६० चौरस फुटांच्या खोल्या. त्या बोळात दिवसाही दिवा लावावा लागे. आमच्या मजल्यावर शौचालये गॅलरीच्या टोकाला आहेत, रात्री आईला आणि मला एकमेकींना सोबत करावी लागते. मी उन्हाविषयी बोलू लागले की आई स्वच्छ सांगते, "मला ऊन नको. मला आतून कडी लागणारा संडास दे." यावर माझ्याजवळ उत्तर नाही. आईचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे की कडी आणि ऊन यांतले एकच मिळेल असे कोणी ठरवले?

कारण आता आमची चाळही पाडायची आहे. नकाशा आला आहे. तो कमिटीच्या खोलीत भिंतीवर लावला आहे आणि येणारा जाणारा प्रत्येक जण त्यावर आपली भावी खोली शोधतो. समुद्राच्या बाजूला विक्रीची उंच इमारत. दक्षिणेला दहा मजली गाड्यांचा तळ. या दोन्हींच्या मध्ये, आणि पूर्वेला आधीच उभे असलेले ते दोन टॉवर, अशा खोबणीत आमची पुनर्वसनाची इमारत. खोली तीनशे चौरस फुटांहून थोडी मोठी, आत न्हाणी, आत संडास, लिफ्ट. मजला सोडतीने. मी नकाशा पाहिला आणि पहिल्यांदा दिशा शोधली. डिसेंबरात मुंबईत भर बारा-साडेबारालाही सूर्य साधारण साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे वस्तूची जेवढी उंची, जवळपास तेवढीच तिची सावली उत्तरेला पडते. दहा मजली वाहनतळाची सावली तेवढ्या अंतरापर्यंत येणार. नकाशात मधले अंतर त्याच्या पाव हिश्शाएवढेही नाही. हे काढायला मी काही विद्वान लागत नाही, दहावीचे गणित पुरते.

मी सभेत हात वर केला. सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. बायका मागे बसल्या होत्या. मी विचारले, "डिसेंबरमध्ये आमच्या खालच्या सहा मजल्यांवर किती तास ऊन येईल?" वास्तुरचनाकारांच्या वतीने आलेले गृहस्थ गोंधळले. मग म्हणाले, "लाईट चोवीस तास आहे की, बॅकअपसुद्धा आहे." हॉल हसला. शेजारच्या मामी माझ्या कानात म्हणाल्या, "खाली बस गं, ऊन काय खायचंय?" मी खाली बसले. खरे सांगायचे तर मला रडू आले होते, पण ते प्रश्नासाठी नव्हते, मोठ्यांच्या सभेत पहिल्यांदा बोलले आणि हसे झाले म्हणून होते.

तो प्रश्न मात्र हसण्याजोगा नव्हता. या शहरानेच तो एकदा फार गंभीरपणे विचारला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. माणसे मरत होती आणि पळत होती, गिरण्या ओस पडत होत्या. तेव्हा सरकारला अंधाऱ्या, कोंदट घरांची जाणीव झाली. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने समुद्राचा वारा आत यावा म्हणून गिरगावच्या बाजूला प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रस्ते वस्ती फोडून काढले. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी याच ट्रस्टच्या योजनेतली. तिथून आजही चालत गेले तर रस्त्यावर ऊन आणि झाडे दोन्ही भेटतात. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले होते, आणि त्यांचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरपी रेघ वर काढायची. समोरच्या इमारतीने ती रेघ छेदता कामा नये. त्या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ दोन येते. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर ती निदान वीस फूट दूर हवी. एखाद्या गवंड्यालाही दोरीने मोजता येईल इतके सोपे.

मी ट्रस्टची भक्त नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्याने बांधल्या त्याहून जास्त खोल्या पाडल्या आणि पाडलेल्या खोल्यांतली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली. प्लेगची भीती साहेबाला स्वतःसाठी वाटत होती, ती ओसरल्यावर तळमळही ओसरली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पण साडेत्रेसष्ट अंशांच्या मागचा विचार मला पटतो. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या पायाशी बसून तो आकाश मोजतो. आज मोकळ्या जागेचे नियम आहेतच, पण पुनर्विकासात त्यांत सवलत मिळते, पुष्कळदा प्रीमियम भरून मिळते. म्हणजे आमच्या वाट्याच्या उन्हाची किंमत ठरते, ती कोणीतरी भरतो आणि ती आमच्याकडे येत नाही.

अशा सवलतीचे काय होते ते गोवंडी-मानखुर्दकडे जाऊन पाहावे. रस्ते आणि रेल्वे यांसाठी उठवलेल्या लोकांना तिथे नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत घरे दिली. तळमजला अधिक सात मजले, आणि दोन इमारतींत अंतर तीन मीटरच्या आसपास. ऑरसाहेबांच्या दोरीने मोजले तर ते दहा-अकरा मीटर तरी हवे होते. मी एका मैत्रिणीबरोबर तिच्या मावशीकडे गेले होते. दुपारी एक वाजता दुसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइट चालू होती. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घरातल्या बाईने "काय पाहिजे?" म्हणून विचारले. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांच्या साह्याने तेथील घरांची पाहणी केली. जिथे इमारती दाटीने उभ्या आहेत त्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण खूप जास्त आढळले, जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत, जिथे इमारतींमध्ये मोकळीक आहे, तिथे ते फार कमी होते. त्यातही खालच्या मजल्यांना, जिथे उजेड आणि वारा पोचत नाही, धोका अधिक. झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, नळ आला, कडी लागणारा संडास आला, आणि माझ्या आजोबांचा आजार परत आला. प्लेगनंतर जे शिकलो ते शंभर वर्षांत आपण विसरलो, आणि विसरलो ते गरिबांसाठी घरे बांधतानाच.

परदेशात काय करतात याविषयी वाचताना मला दोन उदाहरणे फार आवडली. नॉर्वेमध्ये र्‍यूकन नावाचे गाव आहे. कामगारांचेच गाव, खताच्या कारखान्यासाठी दरीत वसवलेले. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत डोंगरामुळे तिथे ऊन उतरतच नाही. १९२८ मध्ये कारखान्याने लोकांना डोंगरावर नेऊन ऊन खाऊ घालण्यासाठी दोरीवरचा पाळणा बांधून दिला. २०१३ मध्ये गावाने डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. लोक खुर्च्या घेऊन तिथे येऊन बसतात. त्यांच्या आड निसर्गाने डोंगर घातला होता, तरी त्यांनी हक्क सोडला नाही. आमचा डोंगर तर महापालिकेच्या मंजुरीने उभा राहतो.

दुसरे जपानचे. तिथे १९७० च्या सुमारास उंच इमारतींमुळे ऊन गेलेल्या घरांतील लोक रस्त्यावर आले, न्यायालयात गेले. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उन्हाला संरक्षण देण्याजोगा हक्क मानले आणि १९७६ मध्ये बांधकामाच्या कायद्यात सावलीचा नियम घातला. सर्वांत लहान दिवशी, डिसेंबरच्या बावीस तारखेच्या सुमारास, नवी इमारत शेजाऱ्याच्या जमिनीवर किती तास सावली टाकू शकते याची मर्यादा त्यांनी ठरवली. टोकियो काही रिकामे शहर नाही. दाटी असूनही त्यांनी मोजले.

आपल्याकडेही कायदा अगदीच नाही असे नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. त्यात म्हटले आहे की एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंड, बिनविरोध उजेड आणि हवा मिळत असेल तर तो हक्क पक्का होतो. आमच्या चाळीला तो किती पिढ्या मिळत होता! पण तो हक्क मागायला आधी वकील लागतो, आणि टॉवर उभे राहत होते तेव्हा आमच्या मजल्यावर संपाच्या देण्याचे कागद वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत आलेली मी पहिली. वाचता येऊ लागल्यावर पहिला कागद हाती आला तो आपली चाळ पाडण्याचा.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. पुनर्विकासाच्या प्रत्येक नकाशाबरोबर सावलीचा नकाशा जोडावा. बावीस डिसेंबरला सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता कोणाची सावली कोणावर पडेल हे रहिवाशांना चित्रात दाखवावे. आजकाल संगणकावर हे काढायला अर्धा दिवस पुरतो. तो नकाशा चौरस फुटांच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत असावा. मग लोकांनी ठरवावे. कदाचित लोक तरीही सही करतील. आई करील. पण काय सोडतो आहोत ते पाहून करतील. आणि सवलतीचा प्रीमियम भरायचाच असेल तर निदान ज्यांचे ऊन गेले त्यांच्या वसाहतीसाठी तो खर्च व्हावा. गच्ची सगळ्यांना खुली ठेवावी, हेही त्यात घालीन. विक्रीच्या इमारतीला वर पोहण्याचा तलाव असतो आणि पुनर्वसनाच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असते, हे मी तीन ठिकाणी पाहिले आहे. गच्ची उघडी असेल तर निदान गोधडी तरी वाळेल.

प्राध्यापकांपैकी कोणी म्हणतील की घरांची एवढी टंचाई असताना उन्हाची चैन कशाला? मला हा युक्तिवाद समजतो. पण चैन वरच्या मजल्यावर विकली जाते तेव्हा जाहिरातीत तिला 'भरपूर सूर्यप्रकाश' म्हणतात आणि तिचे चौरस फुटाला वेगळे पैसे लावतात. तीच वस्तू आम्ही मागितली की चैन कशी होते?

सभेनंतर पंधरा दिवसांनी कमिटीचे सेक्रेटरी काका आमच्या दारात आले. मला वाटले रागावतील. ते म्हणाले, "तू ते उन्हाचं काय विचारलं होतंस, ते लिहून दे. माझ्या सुनेला तळमजल्याची भीती वाटते." मी फुलस्केपच्या दोन पानांवर लिहून दिले, साडेत्रेसष्ट अंशांचे चित्रही काढून दिले. कमिटीने त्यावर पत्र तयार करून पाठवले. सोळा जणांनी सह्या केल्या. मामींचीही आहे. आजीने अंगठा दिला.

उत्तर अजून आलेले नाही. संमतिपत्र आमच्या कपाटात, आजोबांच्या गिरणीच्या हजेरीकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे. बाबा म्हणतात, फार दिवस थांबता येणार नाही, निम्म्याहून अधिक लोकांनी दिले आहे. आई काही बोलत नाही. दाराच्या मागच्या बाजूला काल संध्याकाळी मी मोजल्या तेव्हा आजीच्या चार रेघा होत्या, आणि चौथी थोडी आखूड मारली होती. मी विचारले तर म्हणाली, मध्येच ढग आला होता.